पद सोडणारा मोठा माणूस : चिंतामणराव देशमुख

आम्हा बँकवाल्यांना चिंतामणराव देशमुख हे नाव फार आदराचं. १८९६ साली महाडजवळच्या नाते गावी जन्म. १९१२ च्या मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिले, पुढे आय.सी.एस. १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि १९५० मध्ये देशाचे अर्थमंत्री झाले. १९५५ साली स्टेट बँक जन्माला आली, तीही त्यांच्याच कारकिर्दीत.

पण माझ्या लेखी त्यांचं खरं मोठेपण १९५६ सालचं. मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्रशासित ठेवायचं ठरलं, तेव्हा कुलाब्याच्या या खासदाराने अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला. लोकसभेत आपली कारणं सडेतोड मांडली आणि बाहेर पडले. ते मंत्रिपद पुन्हा मिळालं नाही. पण विद्यापीठ अनुदान आयोगाचं काम त्यांनी नेटानं केलं. १९६० मध्ये मुंबईसह महाराष्ट्र झाला. १९८२ मध्ये ते गेले.

आपल्या कमिटीची खुर्ची लहान, पण कसोटी तीच. पदावर असेतो हिशेब चोख हवा आणि मनाला पटेनासं झालं, की पद सोडायची तयारी हवी. पुढच्या पंचवीस वर्षांसाठी नव्या मंडळींनी एवढं जरूर जपावं.