खांद्याने ओढलेली तार

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. मराठी बोलते ती घरी आणि हॉस्टेलवर, लिहायची वेळ फारशी येत नाही. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडल्या तर पोटात घाला.

गॅदरिंगला स्टेजच्या एका कडेला उभी राहून कॉर्ड्स वाजवणारी मुलगी म्हणजे मी. सोलो सुरू झाला की लाइट लीडवाल्यावर जातो आणि मी अंधारात ताल धरून असते. याचं मला वाईट वाटायचं. मग थर्ड सेमच्या सुट्टीत क्लॅरेन्स व्हाइट ऐकला. आपल्याकडे हे नाव फार कुणाला माहीत नाही, पण गिटारच्या जगात खूप मोठं आहे.

क्लॅरेन्सचा जन्म ७ जून १९४४ चा, अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन राज्यातल्या ल्युइस्टन गावात. वडील मूळचे कॅनडाचे आणि वाद्यांचे शौकीन. त्यामुळे घरात सगळेच वाजवायचे. मोठा भाऊ रोलंड मॅन्डोलिन, दुसरा भाऊ एरिक बेस आणि धाकटा क्लॅरेन्स गिटार. १९५४ मध्ये हे कुटुंब कॅलिफोर्नियातल्या बरबँकला आलं आणि भावंडांचा बँड तिथे कार्यक्रम करू लागला.

ते वाजवायचे ब्लूग्रास. फिडल म्हणजे व्हायोलिन, मॅन्डोलिन, बँजो, गिटार आणि बेस, सगळं विजेशिवाय आणि भन्नाट वेगात. बिल मन्रो या संगीताचा जनक मानला जातो. यात सोलो घ्यायचे ते फिडल, मॅन्डोलिन आणि बँजोने. गिटारचं काम मागे राहून ठेका धरणं. म्हणजे थोडक्यात माझंच काम!

१९६१ मध्ये रोलंडला सैन्यात बोलावणं आलं आणि दोन वर्षं बँडमध्ये मॅन्डोलिन राहिलं नाही. ती रिकामी जागा क्लॅरेन्सने गिटारने भरायला घेतली. याच काळात त्याने डॉक वॉटसनला ऐकलं. हे अंध कलाकार फिडलच्या धून गिटारवर वाजवायचे. गंमत म्हणजे त्यांना ही सवय इलेक्ट्रिक गिटारवर लागली होती, कारण ते ज्या डान्स बँडमध्ये होते त्यात फिडलवालाच नव्हता. क्लॅरेन्सने ही वाट उचलली, पण चाल स्वतःची ठेवली. सूर अपेक्षेपेक्षा किंचित आधी किंवा नंतर टाकायचा, मध्येच जागा रिकामी सोडायची आणि तरी समेवर अचूक यायचं. १९६४ मध्ये त्यांच्या केंटकी कर्नल्स या बँडची 'अ‍ॅपलेशियन स्विंग' ही फक्त वाद्यांची रेकॉर्ड आली. तिच्यात गिटार मागे नाही, पुढे आहे.

पण ब्लूग्रासवर घर चालेना. साठच्या दशकाच्या मध्यावर बँड थांबला. क्लॅरेन्सने फेंडर टेलिकास्टर ही इलेक्ट्रिक गिटार घेतली आणि स्टुडिओत दुसऱ्यांच्या गाण्यांना साथ करू लागला. वाद्य बदललं तरी बोटांतलं ब्लूग्रास तसंच राहिलं.

आता आपल्या मेकॅनिकलवाल्यांसाठी खास भाग. क्लॅरेन्सला पेडल स्टील गिटारसारखी मींड हवी होती, म्हणजे बाकीच्या तारा वाजत असताना एकच तार वर सरकली पाहिजे. डावा हात तर आधीच गुंतलेला. सुरुवातीला त्याचा मित्र, ड्रमर जीन पार्सन्स, शेजारी उभा राहून ती तार ओढायचा. एका गिटारला तीन हात! पण असं कार्यक्रमात किती वेळ चालणार? पार्सन्सला मशीनचं कामही येत होतं. त्याने गिटारच्या आत लिव्हर आणि स्प्रिंग बसवून ते खांद्याच्या पट्ट्याला जोडले. गिटारची मान खाली दाबली की पट्टा लिव्हर ओढतो आणि दुसरी तार एक पूर्ण स्वर वर जाते, सा वरून रे वर जावी तशी. दाब सोडला की स्प्रिंग तिला परत जागेवर आणते. हे सगळं मावावं म्हणून गिटार मागून जाड करावी लागली. या यंत्राला स्ट्रिंगबेंडर किंवा बी-बेंडर म्हणतात. पुढे फेंडर कंपनीनेही अशा गिटार काढल्या.

१९६८ मध्ये क्लॅरेन्स 'द बर्ड्स' या गाजलेल्या रॉक बँडमध्ये गेला आणि १९७३ च्या सुरुवातीला बँड मोडेपर्यंत तिथेच राहिला. त्यानंतर तो पुन्हा भावांबरोबर ब्लूग्रास वाजवू लागला होता. जुलै १९७३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पामडेल इथे कार्यक्रम संपवून ते रात्री रस्त्याच्या कडेला गाडीत सामान भरत होते. दारू प्यालेल्या ड्रायव्हरची गाडी आली आणि क्लॅरेन्सला धडकली. रोलंडही जखमी झाला, पण वाचला. क्लॅरेन्स गेला. वय २९.

त्याची १९३५ ची मार्टिन गिटार पुढे टोनी राइसने घेतली आणि तिच्यावर नवी पिढी घडवली. टेलिकास्टर मार्टी स्टुअर्टकडे गेली.

मागच्या गॅदरिंगनंतर रात्री दीड वाजता आम्ही गेटबाहेर टेम्पोत अ‍ॅम्प चढवत होतो. ढाब्यावरून येणारी एक बाइक झुलत झुलत आमच्या इतक्या जवळून गेली की माझ्या हातातली केबल खाली पडली. बाइकवरचे दोघं आपल्याच हॉस्टेलचे. दुसऱ्या दिवशी मेसमध्ये तो किस्सा झाला आणि मीही सगळ्यांबरोबर हसले. पामडेलबद्दल वाचलं त्या रात्री मात्र ते हसू आठवून झोप लागली नाही.

कॉर्ड्स वाजवण्याचं मला आता वाईट वाटत नाही, कारण मागे उभं राहूनही काय करता येतं ते क्लॅरेन्सने दाखवलंय. यंदाही सामान आम्हीच भरणार आहोत, त्याच गेटबाहेर. ढाब्यावर जाणाऱ्यांनो, त्या रात्री बाइकची चावी रूमवरच ठेवा. रिक्षाचे पैसे बँड देईल.