प्रसूतीच्या खाटेवरचा मॅकिंटॉश

भोकर असो वा मुंबई, सरकारी दवाखान्यात प्रसूतीच्या खाटेवर गादी भिजू नये म्हणून रबरी कापड अंथरतात. परिचारिका त्याला ‘मॅकिंटॉश’ म्हणतात. हे मुळात एका माणसाचे आडनाव.

चार्ल्स मॅकिंटॉश यांचा जन्म १७६६ मध्ये स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे झाला. वडील कापडाला लागणारे रंग बनवत. चार्ल्स सुरुवातीला कारकून होते, पण ओढा रसायनशास्त्राकडे. विशीतच त्यांनी नोकरी सोडून नवसागराचा कारखाना काढला. खेड्यापाड्यांतील विहिरींत आज आपण टाकतो ती ब्लीचिंग पावडर घडवण्यातही चार्ल्स टेनंट यांच्यासोबत त्यांचा हात होता.

तेव्हा दिव्यांसाठी कोळशापासून गॅस काढत. त्यातून उरलेले डांबर व अमोनियाचे पाणी मॅकिंटॉश यांनी १८१९ पासून विकत घेतले. अमोनिया रंगाच्या कारखान्यात खपे, डांबरातला नाफ्था मात्र पडून राही. या नाफ्थ्यात त्यांनी रबर विरघळवले, तो लेप दोन कापडांच्या मध्ये देऊन ती चिकटवली आणि १८२३ मध्ये पेटंट घेतले. पाणी न शिरणारे कापड तयार झाले. त्यापासून रेनकोट शिवले जाऊ लागले.

नाफ्थ्यात रबर विरघळते हे एडिंबरोतील जेम्स साइम या विद्यार्थ्याने १८१८ मध्येच शोधले होते. त्याने पेटंट घेतले नाही. पुढे तो नामांकित शल्यचिकित्सक झाला. नाव मात्र मॅकिंटॉश यांचे राहिले.

हे कापड थंडीत ताठर होई, उन्हात चिकट. भागीदार थॉमस हॅन्कॉक यांनी रबरावर गंधकाची प्रक्रिया करून हा दोष घालवला. त्याच सुमारास, १८४३ मध्ये, मॅकिंटॉश यांचे निधन झाले.

पुढे साइम यांचे जावई जोसेफ लिस्टर यांनी जखमेवरच्या कार्बोलिक पट्टीत याच कापडाचा थर घातला. स्राव थेट वर झिरपून पट्टीतून जंतूंना वाट मिळू नये, हा हेतू. सासऱ्यांचा शोध असा रुग्णापर्यंत पोहोचला.

मॅकिंटॉश पाणी अडवतो, जंतू मारत नाही. म्हणून प्रत्येक रुग्णानंतर तो साबणाने धुवावा, जंतुनाशकाने पुसावा आणि सावलीत वाळवावा. घडी न घालता गुंडाळून ठेवावा. घडीवर चीर पडली की रक्त गादीत मुरते आणि ती गादी पुढच्या बाळंतिणीला धोक्याची ठरते.