पिनकोडवाले वेलणकर

होस्टेलच्या लॅनवर एखाद्या शहाण्याने आपल्या मशीनला गेटवेचाच आयपी देऊन ठेवला की काय होतं, ते वेगळं सांगायला नको. अख्ख्या मजल्याचं नेट गायब! पत्ता एक आणि ओ देणारे दोन. पोस्टखात्यात ही भानगड नेटवर्क येण्याच्या कितीतरी आधीपासून होती. तिच्यावर उपाय शोधणारा माणूस मराठी होता, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? त्यांचं नाव श्रीराम भिकाजी वेलणकर.

जन्म २२ जून १९१५ चा. हा माणूस इंजिनिअर वगैरे नव्हता, संस्कृतचा पंडित होता. नोकरी मात्र टपाल-तार खात्यात. तिथे चढत चढत ते टपाल-तार मंडळाचे ज्येष्ठ सदस्य आणि केंद्रीय दळणवळण मंत्रालयात अतिरिक्त सचिव झाले.

तेव्हाची टपालाची अवस्था डोळ्यांपुढे आणा. पत्ता कुठल्याही भाषेत, कुठल्याही लिपीत आणि डॉक्टरांच्या अक्षरात! त्यात गावांची नावं सारखी. एक औरंगाबाद महाराष्ट्रात (आताचं छत्रपती संभाजीनगर), दुसरं बिहारमध्ये. मनीऑर्डर चुकीच्या औरंगाबादला गेली तर घरी वाट बघणाऱ्यांनी महिना कसा काढायचा?

वेलणकरांनी नावावर भरवसा ठेवायचंच सोडलं आणि सहा आकडे आणले. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड सुरू झाला. पहिला आकडा विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसरा वर्गीकरण जिल्ह्याचा, शेवटचे तीन पोस्ट ऑफिसचे. देशाचे आठ विभाग केले आणि नववा आकडा सैन्याच्या टपालाला दिला. भिवंडीचा ४२१३०२ घ्या. ४ म्हटलं की महाराष्ट्र, मध्य प्रदेश, गोवा ही बाजू, ४२ म्हटलं की महाराष्ट्र, ४२१ मध्ये कल्याण, अंबरनाथ, भिवंडी. बिहारचं औरंगाबाद ८२४१०१, आपलं ४३१००१. सॉर्टिंग करणाऱ्याला गावाचं नाव वाचता आलं नाही तरी चालतं. मानकोली नाक्यावरच्या गोदामांतून रोज जे खोके निघतात, त्यांच्यावरही हेच सहा आकडे असतात.

यातली खरी गंमत मला अशी वाटते की पिनकोड कोणी स्वतःचा स्वतः घेऊ शकत नाही, तो खातं ठरवतं. आपल्या एआरपीत नेमकं तेच नाही. १९८२ साली हा प्रोटोकॉल आला तेव्हा सगळे एकमेकांचे ओळखीचे असणार असंच धरलेलं दिसतं. हा आयपी कोणाचा, असं सगळ्या लॅनला विचारायचं आणि जो उत्तर देईल त्याच्यावर विश्वास ठेवायचा! दोन उत्तरं आली तर? लिनक्स एकदा नोंद बदलली की साधारण १ सेकंद दुसरं उत्तर मानत नाही, म्हणजे नोंद सारखी इकडून तिकडे उड्या मारत नाही. पण त्यानंतर येणारं उत्तर तो घेतोच. फ्रीबीएसडी पत्ता दुसऱ्या कार्डावर गेल्याचं लॉगमध्ये लिहितो आणि पुढे चालू लागतो. विंडोजला स्वतःचाच आयपी दुसरा कोणी वापरताना दिसला तर तो स्क्रीनवर तक्रार करतो. २००८ साली एक नियमावली आली, तीत पत्ता वापरण्याआधी तो कोणाचा आहे का हे विचारून घ्यायला सांगितलंय. पण खोटं बोलायचंच ठरवलेल्याला ती काय अडवणार? खरा कोण, हे यातली एकही सिस्टिम ठरवत नाही. त्यासाठी स्विचवर बंदोबस्त करावा लागतो, म्हणजे पुन्हा कोणीतरी वरून ठरवणारा आलाच.

असो, गाडी वेलणकरांकडे आणतो. १९७३ साली दिल्लीत भरलेल्या इंडिपेक्स या जागतिक टपाल तिकीट प्रदर्शनाचे ते अध्यक्ष होते. त्याच वर्षी ३१ डिसेंबरला ते रिटायर झाले. मुंबईत त्यांनी देववाणी मंदिरम् ही संस्कृतसाठी संस्था काढली होती. संस्कृतात शंभरहून जास्त पुस्तकं आणि नाटकं लिहिली. त्यात एक विलोमकाव्य आहे. सरळ वाचलं तर रामाची स्तुती, उलट वाचलं तर कृष्णाची. आयुष्यभर एका पत्त्याचे दोन धनी होऊ नयेत म्हणून झटलेल्या माणसाने हे लिहावं! १९९६ साली संस्कृतसाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला आणि १ एप्रिल १९९९ रोजी मुंबईत ते गेले.