दागिने गहाण, पोरगा पडद्यावर अन् चुलीवर साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक : दादासाहेब फाळकेंच्या घरानं केला पहिला सिनेमा

चंद्रपूर/गडचिरोली : धान घरात आले की झाडीपट्टीत नाटकाचा हंगाम लागतो. दिवाळीनंतर सुरू झालेली ही धामधूम होळीपर्यंत चालते. गावात शंकरपट, मंडई अन् रात्रभर नाटक. नाटकाच्या दिवशी घराघरात पाहुणे, चुली दिवसभर पेटलेल्या. ऐन या हंगामात, १६ फेब्रुवारीला, दादासाहेब फाळके यांचा स्मृतिदिन येतो. भारतीय सिनेमाचे जनक म्हणून ते सगळ्यांना ठाऊक आहेत. पण त्यांचा पहिला सिनेमा झाला कसा हे पाहिलं, तर ते झाडीपट्टीतल्या माणसाला अगदी ओळखीचं वाटेल. अख्खं घर राबलं, तेव्हा तो पडद्यावर आला.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला झाला. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये अन् बडोद्याच्या कलाभवनात ते चित्रकला, फोटोग्राफी शिकले. गोध्र्याला फोटोचा धंदा टाकला, पण प्लेगनं बायको अन् मूल दोघांनाही नेलं. पुढे १९०२ मध्ये त्यांनी दुसरं लग्न केलं. नवी नवरी गिरिजा करंदीकर ही किर्लोस्कर नाटक मंडळीच्या मालकांची भाची. लग्नानंतर तिचं नाव सरस्वती झालं. म्हणजे ही बाई नाटकाच्या घराण्यातूनच आली होती.

फाळक्यांनी काही वर्षं सरकारच्या पुरातत्त्व खात्यात नोकरी केली. ती सोडून छापखाना काढला. भागीदारांशी पटलं नाही म्हणून तोही सोडला. हाताला काम नव्हतं अन् घरात लेकरं होती. अशात एप्रिल १९११ मध्ये मोठा मुलगा भालचंद्र याला घेऊन ते गिरगावात तंबूतला सिनेमा पाहायला गेले. पडद्यावर जनावरं हलताना पाहून बापलेक चकित झाले. घरी सांगितलं तर कोणाचा विश्वास बसेना. मग दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या घरालाच सोबत नेलं. ईस्टरचे दिवस होते, म्हणून येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा सिनेमा लागला होता. तो पाहताना आपले राम अन् कृष्ण असे पडद्यावर आले पाहिजेत, ही गोष्ट फाळक्यांच्या डोक्यात बसली.

त्यानंतर ते रोज तासन्‌तास सिनेमेच पाहू लागले. डोळे इतके बिघडले की दिसेनासं झालं. इलाज करून दृष्टी परत आली. मग विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून १९१२ च्या सुरुवातीला त्यांनी लंडन गाठलं, काम शिकून घेतलं अन् कॅमेऱ्याची ऑर्डर देऊन परतले. सिनेमा काढता येतो हे पैसेवाल्यांना पटवायला कुंडीत वाटाणा पेरला. कोंब फुटून वेल वाढेपर्यंत रोज थोडं थोडं चित्रण करून छोटी फिल्म दाखवली. थोडे पैसे मिळाले, पण पुरले नाहीत. तेव्हा सरस्वतीबाईंनी आपले दागिने काढून दिले. ते गहाण पडले.

'राजा हरिश्चंद्र'चं काम दादरला घरीच सुरू झालं. मुख्य भूमिकेत दत्तात्रय दामोदर दाबके होते. तारामती करायला बाई काही मिळेना. सिनेमात काम करणं त्या काळी इतकं हलकं मानलं जाई की कोणीच तयार होत नव्हतं. शेवटी एका खानावळीत काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. झाडीपट्टीतही दंडारीत अन् नाटकात कितीतरी वर्षं पुरुषच लुगडं नेसून उभे राहत, तसंच हे. रोहिदासाचं काम घरच्या भालचंद्रानं केलं.

सरस्वतीबाईंच्या वाट्याला काय आलं, ते पाहा. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक अन् कपडे धुणं. उन्हात शूटिंग चालू असताना पांढरी चादर धरून उभं राहणं. रात्री सगळे झोपले की फिल्मच्या कडेला भोकं पाडायचं काम, कारण कच्ची फिल्म बिनभोकांची यायची. हे सगळं अंधारात करावं लागे, उजेड पडला की फिल्म खराब. फिल्म धुण्याचं काम अन् रसायनांची माहितीही त्यांनी नवऱ्याकडून शिकून घेतली. सात महिने हे असं चाललं. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमात 'राजा हरिश्चंद्र' लागला अन् चालला.

त्याच वर्षीच्या 'मोहिनी भस्मासूर'मध्ये मात्र बायकांनीच बायकांची कामं केली. फिरत्या नाटक कंपनीतल्या दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या अन् त्यांची मुलगी कमलाबाई मोहिनी झाली. १९१७ च्या 'लंका दहन'मध्ये साळुंके यांनी राम अन् सीता दोन्ही भूमिका केल्या. १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये फाळक्यांची लेक मंदाकिनी बाळकृष्ण झाली.

पैसा आला तसे भागीदार आले, अन् भागीदारांसोबत भांडणं आली. १९१८ मध्ये निघालेली हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी सोडून फाळके कुटुंबासह काशीला जाऊन राहिले. तिथे त्यांनी 'रंगभूमी' नावाचं नाटक लिहिलं. ते फारसं चाललं नाही. पुन्हा ते सिनेमाकडे परतले. पण बोलपट आला अन् मुका सिनेमा मागे पडला. १९३७ चा 'गंगावतरण' हा त्यांचा शेवटचा अन् एकमेव खास बोलपट म्हणून काढलेला सिनेमा. शेवटची वर्षं नाशकात ओढाताणीत गेली. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी तिथेच त्यांनी डोळे मिटले.

त्यांच्या नावाचा पुरस्कार केंद्र सरकारनं १९६९ पासून सुरू केला. फाळक्यांचं नाव त्यानं देशभर घरोघरी गेलं. सरस्वतीबाईंचं नाव मात्र थोड्यांनाच ठाऊक आहे. झाडीपट्टीतही नाटकाच्या पत्रकावर लेखक, दिग्दर्शक, नट, नटी, सगळ्यांची नावं असतात. मंडळाच्या अध्यक्षापासून सदस्यांपर्यंत सगळे छापून येतात. रात्री कलावंतांना जेवू घालणाऱ्या, पाहुण्यांसाठी पहाटेपासून पीठ मळणाऱ्या बाईचं नाव त्यात नसतं. यंदाच्या पत्रकात ते छापायला जागा काढली, तर कागद काही जास्तीचा लागणार नाही.