भोसल्यांच्या बागेत शेतीचे वर्ग कसे? महाराजबागेमागे आहे शेवटच्या राजाची गोष्ट

नागपूर : सीताबर्डीहून सिव्हिल लाइन्सकडे जाताना लागणारी महाराजबाग बहुतेकांना माहीत असते ती वाघ-बिबट्यांमुळे. प्रत्यक्षात हे प्राणिसंग्रहालय चालवतं कृषी महाविद्यालय. मग राजाची बाग विद्यापीठाकडे गेली कशी? त्यासाठी तिसरे रघुजी भोसले कोण होते, हे आधी समजून घेऊ.

दहा वर्षांचा राजा

१८१७ मध्ये सीताबर्डीच्या लढाईत इंग्रजांनी आप्पासाहेब भोसल्यांचा पराभव केला. पुढच्याच वर्षी त्यांना गादीवरून काढलं आणि दुसऱ्या रघुजींच्या मुलीचा मुलगा, गुजर घराण्यातला बाजीबा, दत्तक घेऊन गादीवर बसवला. तेच तिसरे रघुजी. तेव्हा त्यांचं वय होतं जेमतेम दहा. राज्य त्यांच्या नावाचं, कारभार मात्र इंग्रज रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स यांच्या हाती. १८२६ च्या तहानंतर कारभार टप्प्याटप्प्याने राजाकडे आला, तरी रेसिडेंटचा वचक कायम राहिला.

नेमकं बिघडलं कुठे?

११ डिसेंबर १८५३ रोजी रघुजींचं निधन झालं. मुलगा नव्हता आणि हयातीत त्यांनी दत्तकही घेतला नव्हता. जो स्वतः दत्तक म्हणून गादीवर आला, त्याचंच राज्य दत्तकाअभावी गेलं! गव्हर्नर जनरल डलहौसीने १८५४ मध्ये नागपूर खालसा केलं. दुसऱ्या रघुजींच्या पत्नी बांकाबाई यांनी दाद मागितली. उपयोग झाला नाही. राजवाड्यातले दागिने लिलावासाठी कलकत्त्याला गेले. हत्ती, घोडे, बैलही विकले गेले.

बागेचं पुढे काय झालं?

बाग जागेवर राहिली, मालक बदलले. १८९४ मध्ये इथे प्राणिसंग्रहालय सुरू झालं, म्हणजे राजाचे हत्ती विकल्यानंतर चाळीस वर्षांनी. १९०६ मध्ये कृषी महाविद्यालय आलं. १९६९ मध्ये अकोल्याला कृषी विद्यापीठ स्थापन झालं, आज डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाने ओळखलं जाणारं. महाविद्यालय त्याच्याकडे गेलं आणि प्राणिसंग्रहालयाची जबाबदारीही.

इथल्या विद्यार्थ्यांना पीक बघायला गावाबाहेर जावं लागत नाही. भर शहरात, वर्गापासून चालत जाण्याच्या अंतरावर शेत आहे. अडचण दुसरीच आहे. शेती शिकवणाऱ्या संस्थेला पिंजऱ्यांचे नियमही सांभाळावे लागतात. २०१८ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने महाराजबागेची मान्यताच रद्द केली होती, तेव्हा उत्तर द्यावं लागलं ते कृषी विद्यापीठाला.