जॉनचा वाद्यवृंद

लिव्हरपूल हे इंग्लंडमधील एक मोठे बंदर. या शहरात ९ ऑक्टोबर १९४० रोजी जॉन लेननचा जन्म झाला. वडील बोटीवर नोकरीस असल्यामुळे नेहमी दूर असत. पुढे आईवडील विभक्त झाले आणि मिमी नावाच्या मावशीने जॉनला वाढविले. मावशी मोठी शिस्तीची. आई ज्युलिया त्याच शहरात, पण दुसऱ्या घरी राहत असे. तिला बँजो वाजविता येई. तिनेच जॉनची बोटे तारांवर बसविली. त्यामुळे तो गिटारही बँजोसारखीच लावून वाजवू लागला!

त्या सुमारास तेथे 'स्किफल' नावाच्या संगीताची लाट आली होती. त्यास महागडी वाद्ये लागत नसत. १९५६ साली जॉनने शाळेतील मित्र जमवून वाद्यवृंद उभा केला. एकाने बोटांत शिंप्याची अंगुस्ताने घालून कपडे घासण्याच्या पत्र्याच्या फळीवर ताल धरला. दुसऱ्याने चहाच्या रिकाम्या खोक्यावर काठी उभी करून दोरी ताणली. तीतून खर्जाचा सूर निघे. शाळेचे नाव 'क्वॉरी बँक', म्हणून वृंदाचे नाव 'क्वॉरीमेन' ठेवले. मुले येत आणि जात. जॉनला गाण्याचे शब्दही धड पाठ नसत. अडले की तो मनाचेच जुळवून गाई. तरी पुढारी तोच, याविषयी कोणास शंका नव्हती.

६ जुलै १९५७ रोजी वुल्टन येथे चर्चची जत्रा होती. तेथे या मुलांचे वादन झाले. त्या दिवशी एका मित्राने पॉल मॅकार्टनी नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलास जॉनच्या भेटीस आणले. पॉलने गिटार घेतली, तिचे सूर नीट लावले आणि एक अवघड गाणे शब्द न चुकता म्हणून दाखविले. जॉन विचारात पडला. हा मुलगा आपल्याहून सरस. त्यास घ्यावे, तर पुढारीपणात वाटेकरी येणार. न घ्यावे, तर वृंद होता तेथेच राहणार. सोळा वर्षांच्या मुलास हा निवाडा सोपा नव्हता. काही दिवसांनी त्याने पॉलला बोलावणे धाडले. तोच पॉल पहिल्या कार्यक्रमात आपला तुकडा साफ चुकला, ही गोष्ट वेगळी!

१९५८ मध्ये पॉलने जॉर्ज हॅरिसनला आणले. तो जेमतेम पंधरा वर्षांचा. इतक्या लहान मुलास बरोबर घेणे जॉनला कमीपणाचे वाटले. पण जॉर्जचे वादन ऐकल्यावर त्याचा विरोध मावळला. त्या उन्हाळ्यात पाच जणांनी पैसे जमवून एक तबकडी मुद्रित करून घेतली. तबकडी एकच, म्हणून ती प्रत्येकाने पाळीपाळीने आठवडाभर ठेवावी असे ठरले.

१५ जुलै १९५८ रोजी ज्युलिया मोटारीच्या धक्क्याने मरण पावली. पॉलची आई १९५६ मध्येच वारली होती. या दुःखाने दोघे अधिक जवळ आले. पुढे कार्यक्रम मिळेनात, मुले पांगली, जॉर्ज दुसऱ्या वृंदात वाजवू लागला. ऑगस्ट १९५९ मध्ये एका तळघरातील कॉफीगृहाच्या निमित्ताने तिघे पुन्हा एकत्र आले. ढोल वाजविणारा मात्र कोणी नव्हता.

१९६० साली 'बीटल्स' हे नाव घेऊन ते जर्मनीतील हँबुर्गला गेले. तेथे रात्र रात्र वाजवावे लागे. जॉर्ज अठरा वर्षांचा नसल्यामुळे त्यास परत पाठविण्यात आले. १९६२ च्या आरंभी लंडनच्या एका कंपनीने त्यांना नाकारले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दुसऱ्या कंपनीने त्यांची तबकडी काढली. पुढे त्यांची गाणी जगभर गेली. १९७० साली हा वृंद फुटला. ८ डिसेंबर १९८० रोजी न्यूयॉर्क येथे एका माथेफिरूने जॉनवर गोळ्या झाडल्या. त्याचे वय तेव्हा चाळीस होते.

क्वॉरीमेनची ती एकुलती एक तबकडी पियानो वाजविणाऱ्या मुलाच्या पाळीत त्याच्याकडे गेली, ती वीस वर्षांहून अधिक काळ तेथेच राहिली. १९८१ साली पॉलने ती त्याच्याकडून विकत घेतली.