सर जेम्स सिम्प्सन आणि क्लोरोफॉर्म

रोग्यास बलदंड माणसांनी दाबून धरावे आणि शस्त्रवैद्याने जिवंत अवयव कापावा, असा प्रघात पावणेदोनशे वर्षांपूर्वी सर्वत्र होता. तो ज्यांनी मोडला, त्यांत सर जेम्स यंग सिम्प्सन हे अग्रगण्य होत.

स्कॉटलंडमधील बाथगेट या गावी ७ जून १८११ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील पाव भाजण्याचा धंदा करीत. घरची स्थिती बेताची. तरीही वयाच्या चौदाव्या वर्षी जेम्स एडिंबरो विद्यापीठात दाखल झाला. विद्यार्थिदशेत एका स्त्रीवरील शस्त्रक्रिया पाहून त्याचे मन इतके विदीर्ण झाले की, वैद्यक सोडून वकिली शिकावी असे त्यास वाटले. सुदैवाने तो मागे फिरला, आणि १८४० साली, तिशीच्या आतच, प्रसूतिशास्त्राचा प्राध्यापक झाला.

१८४६ मध्ये बॉस्टन येथे ईथरने भूल देण्याचा प्रयोग यशस्वी झाला. सिम्प्सन यांनी लगेच पुढील जानेवारीत ते प्रसूतीसाठी वापरले. परंतु ईथर घशास झोंबे व चटकन पेट घेई. अधिक चांगले द्रव्य शोधण्यासाठी सिम्प्सन आणि त्यांचे सहकारी कीथ व डंकन निरनिराळी द्रव्ये स्वतःच हुंगून पाहू लागले. ४ नोव्हेंबर १८४७ च्या रात्री क्लोरोफॉर्मची पाळी आली. प्रथम तिघेही आनंदाने बडबडू लागले. थोड्याच वेळात तिघेही निश्चेष्ट पडले! (आमच्या बालवाचकांनी असले साहस कदापि करू नये.) हे द्रव्य सुचविणारे डेव्हिड वॉल्डी पुढे कलकत्त्यास येऊन तेथेच रसायनांच्या व्यवसायात स्थिरावले.

प्रसूतिवेदना ही ईश्वरी आज्ञा आहे, असा आक्षेप काहींनी घेतला. सिम्प्सन यांनी बायबलाच्याच आधारे त्यास उत्तर दिले. १८५३ साली राणी व्हिक्टोरियाने प्रसूतीच्या वेळी क्लोरोफॉर्म घेतले, तेव्हा विरोध बराच मावळला.

मात्र खरा धोका निराळाच होता. २८ जानेवारी १८४८ रोजी न्यूकॅसलजवळ पंधरा वर्षांची हॅना ग्रीनर पायाचे नख काढण्यासाठी क्लोरोफॉर्म दिले असता दगावली. शुद्धीवर आणण्यासाठी पाजलेल्या पाण्याने व ब्रँडीने ती गुदमरली, असे सिम्प्सन म्हणत राहिले. या थोर पुरुषाचा दयाळूपणा येथे हट्टाकडे झुकला, असे आम्हांस वाटते. ६ मे १८७० रोजी ते निवर्तले. वाद मिटला नव्हता.

पुढे, मराठवाडा ज्या राज्यात होता त्या हैदराबादेत, निजामाच्या साहाय्याने १८८८ व १८८९ साली दोन समित्यांनी प्राण्यांवर प्रयोग केले. श्वासावर लक्ष ठेवले की पुरे, हृदयास भय नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. तो चुकीचा ठरला. अपुरी भूल असतानाही क्लोरोफॉर्मने हृदयाची लय बिघडून ते एकाएकी बंद पडते, हे १९११ मध्ये लेव्ही यांनी दाखविले. यकृतासही त्याने इजा होते.

शस्त्रक्रियागृहातून क्लोरोफॉर्म गेले, कारखान्यात राहिले. कार्बन, हायड्रोजन व क्लोरिन यांचे हे संयुग पाण्याच्या सुमारे दीडपट जड असून तेल, चरबी व राळ विरघळविते. शीतकपाटांना लागणारा वायू त्यापासून बनविला जाई. हवा व उजेड लागल्यास त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू निघतो. म्हणून ते तपकिरी बाटलीत ठेवतात. आपल्याच मध्यप्रदेशात, भोपाळच्या कारखान्यात, मिथाइल आयसोसायनेट तयार करताना ते द्रावक म्हणून वापरीत. १९८४ च्या डिसेंबरात ज्या टाकीतून तो प्राणघातक वायू सुटला, तिच्यात ठरलेल्या प्रमाणाहून अधिक क्लोरोफॉर्म होते, असे तपासात दिसून आले.